मुलांचं ढालचिन्ह: आधी वाक्य, मग चित्र

नदीपल्याड

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही एडिंबऱ्यात राहतो. लेक दहा वर्षांची, धाकटा सात. लेकीच्या वर्गाला या सत्रात किल्ले हा विषय आहे आणि प्रत्येकाने स्वतःचं 'कोट ऑफ आर्म्स' करून न्यायचंय. सरदारांच्या ढालीवर असायचं तसं चिन्ह. मी ढालचिन्ह म्हणते, कुणाला याहून चांगला शब्द माहीत असेल तर जरूर सांगा. इथल्या मुलांना हा प्रकार परका नाही. पांढऱ्यावर काळा किल्ला हे शहराचं चिन्ह जुन्या इमारतींवर कोरलेलं दिसतं आणि पिवळ्यावरचा लाल सिंह तर सामन्याच्या दिवशी गल्लोगल्ली फडकतो.

शाळेतून एक कागद आला होता. ढालीचे चार भाग आणि प्रत्येकात काय काढायचं तेही लिहिलेलं: आवडता खाऊ, आवडता खेळ, कुटुंब, देश. लेकीने पिझ्झा काढला, चेंडू काढला, आम्हा चौघांच्या काड्यांच्या आकृत्या काढल्या, तिरंगा रंगवला. मग आम्ही दोघं आईबाप कौतुकाने पुढे सरसावलो. नवरा म्हणाला रायगड हवा, मी म्हटलं कोपऱ्यात गणपती हवा. तासाभराने ढालीवर बोट ठेवायला जागा उरली नाही. फ्रिजवर लावून दोन पावलं मागे आले, तर काय काढलंय ते मलाच कळेना. लेक शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "आई, हे माझं नाहीये."

तो कागद मी उतरवला.

त्या शनिवारी तिला सेंट जाइल्स कॅथीड्रलमधलं थिसल चॅपल दाखवायला नेलं. १९११ मध्ये उघडलेली छोटीशी खोली आहे, छतापर्यंत लाकडी कोरीवकाम. थिसल हा स्कॉटलंडचा सर्वोच्च सन्मान. राजघराण्यातले सोडून एका वेळी सोळाच जणांना तो असतो आणि प्रत्येकाच्या आसनामागे त्याच्या चिन्हाची मुलामा दिलेली पट्टी लावतात. लेक एकेका पट्टीसमोर उभी राहून बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांनी आवडतं सगळं नाही काढलंय. थोडंच काढलंय."

मग मी या विषयावर वाचायला बसले आणि एक गोष्ट अशी सापडली की मी हातातली कामं टाकून वाचतच राहिले. ढालचिन्ह म्हणजे मुळात चित्र नव्हेच, ते एक वाक्य असतं. त्याला 'ब्लेझन' म्हणतात. ढालीचा रंग कोणता, तिच्यावर काय आहे, ते कोणत्या रंगाचं आणि कसं उभं आहे, हे सगळं ठरलेल्या क्रमाने त्या वाक्यात येतं. नोंद होते ती या वाक्याची. पुढे कोणताही चितारी त्यावरून चित्र काढू दे, त्याचा सिंह जाडा होवो की बारीक, वाक्याला धरून असला की चिन्ह तेच.

हे कळल्यावर आमच्या घरात नियम केला. आधी कागद-पेन्सिल नाही, आधी वाक्य. लेकीने ते वाक्य वाईला आजीला फोनवर सांगायचं, आजीने तेवढ्यावरून काढायचं. जमलं तर चिन्ह पक्कं, नाही जमलं तर वाक्य दुरुस्त करायचं. आणि आम्ही दोघांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता म्हणाली, "निळ्या ढालीवर एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा."

आमच्या घराजवळून वॉटर ऑफ लीथ ही छोटी नदी वाहते. तिच्यात राखी बगळा उभा असतो, पावसातही हलत नाही. वाईला कृष्णेच्या घाटाखालीही राखी बगळा दिसतो. पाच वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "हाच तिकडे येतो का?" मी विसरूनही गेले होते. तिच्या डोक्यात ते पाच वर्षं होतं.

आता प्रश्न. धाकट्यालाही हवंय, आणि त्याला ढालीवर जेसीबी हवाय. असं चालतं का? दुसरं, बहीण-भावाच्या ढाली एकमेकांच्या वाटाव्यात यासाठी काही रीत आहे का? आणि तुमच्यापैकी कुणी मुलांबरोबर असं केलंय का?

---

सह्यकडा

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून मीही मनातलं सांगतो. राग मानू नका.

हे सगळं युरोपातल्या सरंजामदारांचं. आपल्या मुलांना आपलं काही नाही का? शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा घ्या, १६४६ च्या पत्रावर ती दिसते, म्हणजे तेव्हा महाराज जेमतेम सोळाचे. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः', प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. वाढत्या वयाच्या मुलाच्या नावाने याहून सुंदर काय लिहिणार? शिवाय घराघरात देवक आहे. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोराचं पीस. लग्नात त्याची पूजा होते, तोडायचं नाही, इजा करायची नाही. किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ आहेत. हे आधी मुलांना दाखवा.

---

नदीपल्याड

राग कसला, सह्यकडा दादा. मुद्रेचा श्लोक लेकीला पाठ आहे, वाईच्या आजीने शिकवलाय. पण तुम्ही लिहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं की तीही वाक्यच आहे. तिच्यावर चित्र नाही, शब्द आहेत, आणि 'शाहसूनोः शिवस्य' म्हणजे ती कुणाची तेही त्यात स्पष्ट आहे.

आमची मुलं मात्र या गावात वाढतायत, रोज या दगडांवरची चिन्हं बघतात. ती त्यांना वाचता यावीत असं मला वाटतं. गेल्या महिन्यात ग्लासगोला गेलो होतो. तिथल्या शहराच्या चिन्हावर पक्षी, झाड, घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा आहे. चारही ग्लासगोचा संत मानला जाणाऱ्या सेंट मंगोच्या गोष्टींतले. माशाची गोष्ट अशी: राणीने राजाने दिलेली अंगठी दुसऱ्याला दिली, राजाने ती त्याच्याकडून काढून क्लाइड नदीत फेकली आणि मग राणीकडे मागितली. राणी मंगोला शरण गेली, त्याने नदीतून मासा धरून आणवला, त्याच्या तोंडात अंगठी! लेक तिथेच खांबाशी थांबून म्हणाली, "ही तर शकुंतलेची अंगठी." आजीकडून ऐकलेली गोष्ट तिला ग्लासगोच्या दिव्याच्या खांबावर दिसली. दोन्हीकडचं तिच्यात असं मिसळलंय, मला त्यातलं काही कमी करावंसं वाटत नाही.

---

पाटीपेन्सिल

किती छान! मी चित्रकला शिकवते, पाचवी ते आठवी. दोन वर्षांपूर्वी वर्गात ढाली केल्या होत्या, त्यातून शिकले ते सांगते.

सगळ्यात मोठा नियम रंगांचा. रंगांचे दोन गट. सोनेरी आणि रुपेरी हे 'धातू', कागदावर पिवळा आणि पांढरा चालतो. लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. पांढऱ्यावर पिवळं नको, निळ्यावर हिरवं नको. कारण साधं आहे. ढाल लांबून ओळखू यायला हवी, समोर घोडा उधळत येत असताना कोण आपला कोण परका ते कळायला हवं.

नियम सांगून मुलांना पटत नाही. मी ढाली मैदानाच्या एका टोकाला भिंतीला टेकवायला लावल्या आणि वर्गाला दुसऱ्या टोकाला नेलं. "आता सांगा कुणाची कोणती." एका मुलीने पिवळ्या ढालीवर पांढरी कमळं काढली होती, जवळून फारच सुरेख. तिथून कोरी पिवळी पाटी दिसत होती. तिने कुणी न सांगता पुन्हा केली, लालवर पांढरं कमळ, एकच. ते मैदानाच्या या टोकावरून पाकळ्यांसकट दिसलं.

दुसरं, रंगपेट्या नसतील तर अडत नाही. १६३८ मध्ये पेत्रा सान्क्ता नावाच्या इटालियन जेझुइटाने आपल्या ग्रंथात रेघांची पद्धत वापरली आणि पुढे तीच रूढ झाली. सोनेरीसाठी ठिपके, रुपेरी कोरं, लालसाठी उभ्या रेघा, निळ्यासाठी आडव्या, काळ्यासाठी उभ्या-आडव्या जाळीच्या, हिरव्यासाठी तिरप्या. माझ्या वर्गाला ही गुप्त लिपी मिळाल्यासारखं झालं. आठवडाभर वह्यांच्या मागच्या पानांवर रेघा होत्या.

साहित्य म्हणाल तर खोक्याचा जाड पुठ्ठा, पोस्टर कलर, कडेला काळं मार्कर. आधी पाठीमागच्या जागेचा रंग पूर्ण वाळू द्या, वर वेगळ्या कागदातून कापलेला आकार चिकटवा. कापायला लागलं की मुलं आपोआप आकार सोपा करतात. कात्रीने पिसं कापता येत नाहीत, बगळा मात्र कापता येतो.

---

तीनसांजा

छान धागा. एक सावधगिरीची सूचना.

मी इंग्लंडला फिरायला गेले असताना एका दुकानात संगणकावर आडनाव टाकलं की 'तुमच्या घराण्याचं चिन्ह' छापून मिळत होतं. मुलाच्या हट्टापायी घेतलं, चांगले पैसे मोजले. आमच्या आडनावाशी उच्चाराने जवळ असलेल्या कुठल्यातरी आयरिश घराण्याचं निघालं. मुलगा वर्षभर ते आपलं म्हणून सगळ्यांना दाखवत होता. खरं कळल्यावर किती हिरमुसला ते अजून आठवतं. तसं कुणी घेऊ नका.

---

जुनीकागदं

तीनसांजा, तुमच्या मुलाचं वाईट वाटलं. मूळ गोष्ट अशी की इंग्लंड-स्कॉटलंडात आडनावाचं चिन्ह असं काही नसतंच. इंग्लंडात १४८४ पासून 'कॉलेज ऑफ आर्म्स' चिन्हं देण्याचं काम बघतं आणि चिन्ह एका माणसाला व त्याच्या वंशजांना मिळतं. स्कॉटलंडात त्याहून कडक: तिथे एक चिन्ह एका वेळी एकाच माणसाचं. लॉर्ड लायन नावाचा अधिकारी, त्याचं स्वतःचं न्यायालय, १६७२ चा कायदा आणि तेव्हापासूनची नोंदवही. दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून वापरणं हा तिथे गुन्हा आहे. नदीपल्याड, तुमच्याच गावात आहे ते, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला न्यू रजिस्टर हाऊसमध्ये. मुलांची पुठ्ठ्याची ढाल हा शाळेतला उपक्रम झाला, ती भिंतीवर खुशाल लावा. अंगठीवर कोरून अधिकृत म्हणून मिरवायची नाही, एवढं मुलांनाही सांगून ठेवा.

सह्यकडा, तुमच्या मुद्द्याशी जोडलेली एक हकीकत सांगतो. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने मोठा दरबार भरवला आणि संस्थानिकांना रेशमी निशाणं दिली. त्यांच्यावरची चिन्हं बंगालच्या सनदी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने युरोपीय पद्धतीने रचली होती. ती निशाणं तयार करण्याच्या कामात लॉकवुड किपलिंगचाही हात होता, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवून लाहोरला गेलेले तेच हे गृहस्थ. आता त्या दरबारात कोण कोण होतं बघा. हैदराबादचे निजाम महबूब अली खान दहा वर्षांचे. म्हैसूरचे चामराजेंद्र तेरा वर्षांचे. आणि बडोद्याचे सयाजीराव, तेही तेरा वर्षांचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक जाऊन त्यांना दोनच वर्षं होत होती. टेलरने या मुलांसाठीही चिन्हं रचली. तुला ढालीवर काय हवंय, असं त्या तिघांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

नदीपल्याड यांनी तो पहिला कागद फ्रिजवरून उतरवला, ते वाचताना मला हे तीन मुलगे आठवले.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडचंच आहे. सर जमशेटजी जीजीभॉय, १८५७ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश किताब) झाले. त्यांच्या ढालीवर घाटाचे डोंगर, मागून उगवता सूर्य आणि वर दोन मधमाश्या. बोधवाक्य उद्योग आणि औदार्य. पद्धत विलायती, पण डोंगर सह्याद्रीचे.

---

सह्यकडा

जुनीकागदं, सयाजीरावांचं वय मी कधी या अंगाने पाहिलं नव्हतं. विचारात पाडलंत.

माझं मत थोडं बदलतो. पद्धत कुठली यापेक्षा मुलाला विचारलं की नाही, हे मोठं. देवकाचं तरीही सांगावं असं वाटतंच, पण गोष्ट म्हणून. ढालीवर घ्यायचं की नाही ते मूल ठरवेल.

---

बर्फातला_बेळगावकर

कॅनडाहून. तुमचा दुसरा प्रश्न बहीण-भावाच्या ढालींचा. माझ्या दोन्ही मुलींबरोबर मी हेच शोधत बसलो होतो.

इंग्लंडात जुनी रीत अशी की वडिलांच्याच ढालीवर प्रत्येक मुलाने एक छोटं चिन्ह वाढवायचं. थोरल्याला वरून आडवी पट्टी, तिला तीन झालरी. दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला पाच टोकांची चांदणी, चौथ्याला मार्टलेट. मार्टलेट म्हणजे पाय नसलेली पाकोळी. चौथ्या मुलाच्या वाट्याला जमीन येत नाही, म्हणून त्याच्या पक्ष्याला टेकायला पायच नाहीत, असं परंपरेने सांगतात. माझ्या धाकटीला हे ऐकून रडू आलं होतं. स्कॉटलंडात धाकट्यांच्या ढालीला बहुतेक वेगवेगळ्या रंगांची किनार देतात.

मुलींसाठी मात्र या जुन्या रीतीत काहीच नव्हतं. कॅनडात १९८८ मध्ये ढालचिन्हं देणारी स्वतंत्र हेराल्डिक अथॉरिटी झाली आणि तिथे मुलींसाठीही खुणा ठरवल्या. पहिलीला बदाम, दुसरीला अर्मिनचा (पांढऱ्या फरवरच्या काळ्या शेपटीसारखा) ठिपका, तिसरीला हिमकण. मला दोनच मुली. पण धाकटीने सांगितलं की मला ठिपका नको, मला हिमकण हवा, तिसरी नसले तरी. आम्ही दिला. तुमच्याकडे काहीतरी एकच खूण दोन्ही ढालींवर ठेवली तरी पुरेल. ब्रिटनच्या राजपुत्र विल्यमचं उदाहरण आहेच: २००० साली अठरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या चिन्हात आईच्या स्पेन्सर घराण्यातला लाल शिंपला घेतला. त्याच्या बायकोच्या, केट मिडलटनच्या वडिलांना २०११ मध्ये चिन्ह मिळालं तेव्हा त्यावर ओकची तीन फळं होती, तीन मुलांसाठी तीन.

---

पाटीपेन्सिल

आणि जेसीबी चालतो का? माझ्या मते जरूर चालतो, आणि पिवळा जेसीबी काळ्या ढालीवर म्हणजे रंगांचा नियमही पाळला गेला. काळ्यावर सोनेरी! पण अख्खं यंत्र काढायला लागला तर चाकं, काच, दिवे, ड्रायव्हर सगळं येईल. त्याला विचारा, जेसीबीतलं नक्की काय आवडतं?

---

जुनीकागदं

नव्या वस्तूंना बंदी कधीच नव्हती. गायक पॉल मॅकार्टनीच्या चिन्हात लिव्हर पक्ष्याच्या, म्हणजे लिव्हरपूल शहराचं प्रतीक असलेल्या काल्पनिक पक्ष्याच्या, पायात गिटार आहे. अणुशास्त्रज्ञ रदरफर्ड १९३१ मध्ये लॉर्ड झाले, त्यांच्या ढालीवर दोन वक्ररेषा एकमेकींना छेदतात. किरणोत्सर्ग कमी कसा होतो आणि वाढतो कसा, त्याचे ते आलेख आहेत. वर किवी पक्षी, कारण माणूस न्यूझीलंडचा.

नावावरूनही चिन्हं करतात, ती मला विशेष आवडतात. बर्न आणि बर्लिन दोन्ही शहरांवर अस्वल, कॅस्टिलच्या राज्याचा किल्ला, लिऑनचा सिंह. शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६ मध्ये चिन्ह मिळालं: सोनेरी ढाल, तिच्यावर तिरपा काळा पट्टा, त्यावर सोनेरी भाला. 'स्पिअर' म्हणजे भाला. सोनेरी भाला थेट सोनेरी ढालीवर दिसलाच नसता, म्हणून मध्ये काळा पट्टा. पाटीपेन्सिल यांचा नियम तिथे कामाला येतो. आपली आडनावं तर यासाठी केवढी सोयीची: मोरे, कोल्हे, भाले, पिंपळे, नांगरे.

बगळ्याविषयी एक सांगायचं राहिलं. ढालींवर क्रौंच पुष्कळदा एक पाय उचलून दाखवतात आणि त्या पायात दगड असतो. पहाऱ्याला उभा आहे, डुलकी लागली तर दगड पडेल आणि तो जागा होईल. तुमच्या लेकीला हवा असेल तर दगड देता येईल.

---

नदीपल्याड

किती किती दिलंत सगळ्यांनी! काल जेवताना दोघांना वाचून दाखवलं.

लेकीने दगडाचं ऐकून बराच विचार केला. मग म्हणाली, "नको. माझा बगळा पहारा देत नाहीये, तो वाट बघतोय." मी तोंडापर्यंत आलेलं गिळलं. मला तो दगड फार आवडला होता.

धाकट्याला विचारलं, काय आवडतं. "दात." पुढच्या बादलीचे दात. म्हणजे आता 'काळ्या ढालीवर पाच दातांची सोनेरी बादली'. सहा नकोत, पाचच, त्याने घराजवळच्या कामावर मोजलेत.

एकच खूण दोन्हीकडे ठेवायची, हे बेळगावकरांचं त्यांना पटलं. खूण काय यावर तासभर वाद झाला, मी स्वयंपाकघरात होते, मुद्दाम बाहेर आले नाही. शेवटी ठरलं की दोन्ही ढालींच्या तळाशी दोन रुपेरी लाटा. एक वाईची नदी, एक इथली. निळ्यावर रुपेरी, काळ्यावर रुपेरी, दोन्हीकडे नियमात बसतं. हे मला लेकीने येऊन सांगितलं.

बोधवाक्यंही झाली. इथे ती ढालीच्या वर जे शिरोभूषण असतं, त्याच्याही वर लिहितात. लेकीचं 'थांब, येईल'. धाकट्याचं 'अजून खोल'.

रविवारी आजीला फोन आहे.

---

तीनसांजा

'थांब, येईल' वाचून डोळे भरून आले. आजींनी काय काढलं ते नक्की सांगा.

---

नदीपल्याड

सांगते सगळं.

आजीने कागद घेतलाच नाही. म्हणाली, माझा हात रांगोळीचा, मी अंगणात काढते. फोन पायरीवर टेकवून ठेवला, आम्हाला निम्मी फरशी आणि आजीचे हात दिसत होते. लेकीने कागदाकडे न बघता वाक्य म्हटलं: "निळ्या ढालीवर एका पायावर उभा रुपेरी बगळा, तळाशी दोन रुपेरी लाटा."

आजीने आधी ढालीची कड ओढली. वर सरळ, खाली टोक. आत निळी रांगोळी चाळणीने पसरली. मग पांढरी चिमटीत घेऊन थांबली. "तोंड कुणीकडे गं?"

लेक पटकन म्हणाली, "उजवीकडे."

"कुणाच्या उजवीकडे? माझ्या की बघणाऱ्याच्या?"

हा प्रश्न लेकीला पुस्तकात भेटला होता. ढालीचं उजवं-डावं हे धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर प्राणी-पक्षी ढालीच्या उजव्या बाजूलाच तोंड करून असतात. म्हणजे समोरून बघणाऱ्याला ते डावीकडे बघताना दिसतात. तिने बगळ्याच्या पहिल्या कागदावर उलटं काढलं होतं आणि खोडलं होतं. म्हणाली, "आजी, तू ढालीच्या मागे उभी आहेस आणि ढाल तुझ्या हातात आहे. तुझा उजवा हात जिकडे, तिकडे."

आजी उठली. खरोखर हात पुढे धरून उभी राहिली, उजवा हात कुठे येतो ते पाहिलं, आणि पुन्हा खाली बसून चोच काढली. बरोबर दिशेला.

मान काढताना तिने चिमूट एकदाही उचलली नाही, चोचीपासून पाठीपर्यंत एक ओळ. पिसांसाठी निळ्यावर बोटाने तीन वेळा पुसून घेतलं. लेकीच्या बगळ्याची मान ताठ आहे, आजीच्या बगळ्याची मान आत ओढलेली, थंडीत असते तशी. लेकीच्या लाटा टोकदार, आजीच्या गोल, अगदी दारातल्या वेलीसारख्या.

मग माझ्या लक्षात आलं की लेकीच्या चित्रात बगळा डाव्या पायावर उभा आहे आणि आजीने उजव्या पायावर उभा केलाय. मी सांगणारच होते. धाकट्याने माझ्या आधी सांगितलं, "आजी, पाय चुकला!"

आजी पुसायला हात पुढे करणार तेवढ्यात लेक ओरडली, "नको, पुसू नकोस! कुठला पाय ते मी वाक्यात सांगितलंच नव्हतं. आजीचं बरोबर आहे."

फोटो खाली जोडलाय. शेजारी लेकीची पुठ्ठ्याची ढाल आहे, सोमवारी शाळेत गेली. धाकट्याचं वाक्य आजी पुढच्या रविवारी काढणार आहे. पिवळी रांगोळी संपलीय, बाजारातून आणायची म्हणाली.

---

पाटीपेन्सिल

आजींच्या हाताला नमस्कार. ती मानेची ओळ मी तीनदा मोठी करून बघितली.

---

बर्फातला_बेळगावकर

दोन्ही फोटो मुलींना दाखवले. थोरली म्हणाली, "दोन्ही एकच बगळा आहे." आता बेळगावच्या आजोबांना रात्री फोन लावायचा आहे. धाकटीचं वाक्य तयार आहे: लाल ढालीवर रुपेरी हिमकण, वर सोनेरी चंद्रकोर.

---

सह्यकडा

माझा नातू सहा वर्षांचा. आज दुपारी विचारलं. तो म्हणाला, "हिरव्या ढालीवर पांढरी शेळी, आणि ती माझ्याकडे बघतेय." म्हणजे तोंड समोर करून. जुनीकागदं, समोर बघणाऱ्या प्राण्याला काही वेगळा शब्द आहे का?

---

जुनीकागदं

आहे. 'गार्डंट'. अंग बाजूला, तोंड मात्र आपल्याकडे. इंग्लंडच्या ढालीवरचे तीन सिंह तसेच आहेत, त्यांच्या रांगेत आता तुमच्या नातवाची शेळी.